दोन जावा आणि एक लाईफजॅकेट

सगळ्यात आधी विमल आली. निफाडहून, मिळेल त्या एसटीनं.

आणि डोळ्याला पदर लावायच्या आधी मला विचारलं,

"शेवटपर्यंत बोलली नाय ना ती तुमच्याशी?"

ती म्हणजे कमल. माझी धाकटी जाऊ, विमलची सख्खी बहीण. काल पहाटे गेली. झोपेतच. त्रास झाला नाही, हे बरं.

आता फेसबुकवरच्या नव्या लोकांसाठी सांगते. माझ्या लेकीच्या लग्नात विमलला मानाची साडी द्यायची राहिली. घेतलेली होती हो! ट्रंकेतच राहिली. लग्नात काय काय राहतं, आमचा तर एक व्याही जेवायचा राहिला होता.

तेव्हापासून कमलनं माझ्याशी अबोला धरला. नऊ वर्षं.

एक अंगण, दोन चुली. निरोप पोरांमार्फत. "सांग रे मोठ्या आईला, दूध उतू चाललंय."

मग तिच्या मुलानं आम्हा दोघींना क्रूझवर पाठवलं. मुंबई ते कोची आणि परत. मुद्दाम एकच खोली. पोरं लय बिलंदर.

खोलीत तिसरं माणूसच नाही. बोलायचं कोणामार्फत?

कमलनं कपाटातलं लाईफजॅकेट काढून खुर्चीवर बसवलं.

"सांग बाबा अक्कांना, बाथरूम रिकामं झालं."

मी पण कमी नाही. "जॅकेटभाऊ, तिला म्हणावं, नळ नीट बंद कर."

दुसऱ्या दिवशी बंदरच नव्हतं. दिवसभर नुसतं पाणी. त्याला सी डे म्हणतात. त्या दिवशी काही करायचं नसतं. आमच्याकडं असा दिवस फक्त ताप आल्यावर मिळतो.

डेकवर आडव्या खुर्च्या. दोघी शेजारी पडलो. समुद्र बघितला. सरबत प्यायलो. परत समुद्र बघितला.

अजून निळाच होता.

आम्ही फुलशेतीवाल्या. मखमलाबादला मोगरा, शेवंती. लग्न होऊन आलो तेव्हापासून गजरे दोघींनी मिळून केले. ती कळ्या जुळवणार, मी गाठ मारणार. अबोला झाल्यावर दोघी एकेकट्या करायचो. गजरा काही तसा होत नसे.

तर कमलनं टिश्यू पेपर फाडला. वळून वळून कळ्या केल्या. हुबेहूब मोगरा. चार कळ्या चिमटीत धरल्या आणि समुद्राकडंच बघत हात माझ्यापुढं केला.

माझ्या पिशवीत दोऱ्याची रीळ असतेच.

मी गाठ मारली.

परत चार कळ्या. परत गाठ. हातभर झाला तेव्हा म्हणाली,

"अक्का, गाठी सैल पडायला लागल्या तुमच्या."

नऊ वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते पण नावं ठेवणारं!

"तुझ्या कळ्याच जाड्या," मी म्हटलं.

मग जे सुरू झालो! जेवण, चहा, परत चहा. संध्याकाळपर्यंत भावकीतलं एक माणूस सोडलं नाही. जहाजावरच्या बायका आमचे कागदाचे गजरे माळून नाचत होत्या.

पुढं कोची पण बघितलं. ठीक आहे.

परत येताना कमल म्हणाली, "विमलला सांगू नका हं. तिच्यासाठीच अबोला धरला होता मी. तिला वाटंल, बहिणीनं सोडून दिलं."

नाही सांगितलं. दोन वर्षं. विमल आली की आम्ही मुक्या. ती गेली की कमल माझ्या ओट्यावर.

आणि काल विमलनं तोंडावरच विचारलं. नाही बोलली म्हणावं, तर विमलचा मान राहतो. पण कमल जावेशी अबोला घेऊनच गेली, असं कायमचं होतं.

ते मला चालेना.

सांगून टाकलं सगळं. लाईफजॅकेटसकट.

विमल म्हणाली, "मग मी अकरा वर्षं तुमच्या घरचा चहा कशाला सोडला?"

मी चहाचं पातेलं काढलं.

"ठेवा," म्हणाली. "साखर कमी."

प्यायली. मग रडली. मग मीही, थोडी.

कमल, तुझ्या अक्काचा तुला नमस्कार. मोठी असून करतेय, चालेल.

दहावा पुढच्या रविवारी, इथंच आमच्या गंगेवर. विमल शनिवारीच येते म्हणाली.

मुक्कामाला. माझ्याकडं.