श्रावणकाकांनी शिवलेली फाईल

श्रावणकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हायकोर्टाच्या बार रूममध्ये जेवायला बसत होते. त्यांचा मुलगा इतकंच म्हणाला, "मॅडम, बाबा गेले... सकाळी एसटी गाठायची म्हणून डबा भरून राहिले होते." माझा डबा मी तसाच बंद केला. सव्वा महिना झाला, तरी दहाच्या सुमारास ऑफिसचं दार वाजलं की मान वर होते.

काका आमच्या धरमपेठेतल्या वकिली ऑफिसचे मुन्शी, म्हणजे कारकून. घर उमरेडच्या कोष्ट्यांचं. हातमाग कधीच बंद पडला, पण सूत काही सुटलं नाही. अपिलाची प्रत्येक फाईल ते घरून आणलेल्या सुतानं, दाभणानं शिवत आणि शेवटी विणकराची गाठ मारत. ई-फायलिंग आलं, अपिलं स्कॅन होऊन जायला लागली, तेव्हा मी चिडवलं, "काका, आता कॉम्प्युटरला टाके घाला!" "बाप्पा!" ते म्हणाले, "साहेबाच्या हातात काही द्यावं लागते का नाही?" आणि शिवत राहिले.

माझं वकिलीचं पहिलंच वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. बुटीबोरीच्या एका कामगाराला मारामारीच्या खटल्यात शिक्षा झाली होती, अपिलात जामिनाचा अर्ज होता. त्याची बायको तान्ही पोर काखेत घेऊन दर तारखेला यायची, कोपऱ्यात उभी राहायची. कागदपत्रं मी घाईघाईत स्कॅन करून दाखल केली आणि त्याचीच एक प्रिंट काकांना शिवायला दिली. सुनावणीच्या आदल्या दुपारी काकांनी दाभण खाली ठेवला.

"मॅडम, हा साक्षीदार अर्ध्या वाक्यात उठून गेला का?"

मी धावत जाऊन मूळ कागद काढले. मूळ प्रत पाठपोट टाईप केलेली, आणि मी एकच बाजू स्कॅन केली होती! उलटतपासणी बरीचशी मागच्या बाजूला राहिली. त्यातच तो साक्षीदार कबूल करत होता की तो बाहेर आला तोवर मारणारे पळून गेले होते. ते पान नसतं तर त्या बाईच्या नवऱ्यासाठी बोलायला आमच्याकडे होतं काय?

"कोणी स्कॅन केलं हे?" आमचे सीनियर कडाडले. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"माह्याकडून राहिलं, साहेब," काका म्हणाले. त्या मशीनला ज्यांनी कधी बोट लावलं नव्हतं ते काका!

राहिलेली पानं संध्याकाळपर्यंत दाखल झाली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. मी काकांना जिन्यात गाठलं. "काहून घेतलं अंगावर?"

"तुमचं नाव नवीन आहे. नव्या कापडाले डाग लवकर दिसते. माहं काय, जुनं धोतर."

"मी सांगते सरांना."

"सांगजा नं, सावकाश."

ते सावकाश सात वर्षं चाललं. सर मनानं वाईट नाहीत, पण चेष्टेची खोड. दर अपिलाला त्यांचं ठरलेलं, "श्रावणराव, दोन्ही बाजू पाहिल्या ना?" सगळे हसायचे, काकाही. मी मान खाली घालून टाचण्या शोधायचे. आज सांगू, उद्या सांगू... शोकसभेत सरांनी तीच राहिलेल्या पानांची गोष्ट मायेनं सांगितली, लोक डोळे पुसत हसले आणि मी तिथेही गप्प बसले. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

तेराव्याला उमरेडला गेले. काकूंनी सुताचं रीळ आणि तो दाभण माझ्या ओंजळीत ठेवला. "तुमचं लय सांगत वं बाई. म्हणत, आमची मॅडम पान पलटवल्याशिवाय सही करत नाही."

मग मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, ती पानं मी स्कॅन केली होती." सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "सात वर्षं चिडवलं गं मी त्यांना... ते असताना तरी बोलायचं होतंस."



काल एका अपिलाची फाईल मी स्वतः शिवली. टाके वाकडे आलेत, गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा कशीबशी बसली. सरांनी फाईल हातात घेतली, सवयीनं म्हणाले, "श्रावण..." आणि थांबले.

"पाहिल्या, सर," मी म्हटलं. "दोन्ही बाजू."