थोरलीच्या कॅल्शियमच्या गोळ्या

दोन जावांचं दुकान म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. नवरे गेले आणि मागे ठेवून गेले शिलाईचं दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि एकमेकींच्या गळ्यात एकमेकी. थोरली कापड कापायची, धाकटी मशीनवर बसायची. शिलाईच्या धंद्यात कात्री जिच्या हातात, दुकान तिचं, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

मग थोरली जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कात्री धाकटीकडे गेली. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हाडं ठिसूळ झालीत. कॅल्शियमची एक गोळी रोज, जेवणाबरोबर. आणि मी सांगेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही."

'एक' हा शब्द थोरलीने ऐकला, मानला मात्र नाही. कापड कापताना शिवणीच्या आत माया सोडतात, म्हणजे जास्तीचं कापड. ही बाई जन्मभर ती सढळ हाताने सोडत आलेली. जास्त झालं तर कापता येतं, कमी पडलं तर बोंब. तोच न्याय तिने हाडांना लावला. सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन, वर दुधातून हाडं बळकट करणारी कॅल्शियमची पावडर. पोटात जळजळ सुरू झाली तशी पित्तावरच्या चघळायच्या गोळ्या आणल्या आणि त्या दिवसभर पेपरमिंटसारख्या गालात.

हाडं राहिली बाजूला, बाईच खंगली. तहान भागेना, पोट साफ होईना, अन्न समोर आलं की मळमळ. डोक्यात नुसतं धुकं. धाकटी बाजारात गेलेली बघून तिने एक दिवस चोरून कात्री धरली आणि शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

"वा," धाकटी बाह्या उचलून म्हणाली. "गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का, विचारून घ्या जाऊबाई."

"तोंड आवर. माझ्या चहात काय घालतेस ते सांग."

"साखर."

"साखरेने माणूस असा खंगतो होय?"

"तुम्ही कशानेच खंगत नाही. तेच तर दुखणं आहे."

थोरलीची खात्रीच पटली. दुकान गिळायला ही आपल्याला विष घालतेय. दुसऱ्या दिवशी चहा बाटलीत भरून, औषधांची पिशवी घेऊन ती दवाखान्यात गेली. धाकटी पाठोपाठ. आपल्यावरचा आळ आपण ऐकायला नको?

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं बूचही काढलं नाही. "दिवसभरात पोटात जातं ते सगळं इथे ठेवा."

थोरलीने पिशवी उपडी केली. बाईंनी चघळायच्या गोळ्यांची पट्टी उचलली. "हे काय?"

"पित्ताचं."

"यातही कॅल्शियमच आहे."

लगेच रक्त तपासलं आणि मग बाईंनी तिची हजेरी घेतली. "तुमच्या वयाला दिवसाचं बाराशे मिलिग्रॅम पुरतं, तेही दूध, भाजी, गोळी सगळं धरून. खाण्यातून निम्मं येतं, म्हणून पाचशेची एक गोळी दिली. दोन हजारांच्या वर कधीच जायचं नसतं. तुम्ही चार हजारांवर गेलात. ते हाडांत नाही गेलं, रक्तात साचलं. आणखी थोडे दिवस आणि मूत्रपिंडं गेली असती."

"थोडं जास्तीचं असलेलं बरं, म्हणून..."

"विष घालणारी सापडली म्हणायची," धाकटी दारातून म्हणाली. "घरातलीच निघाली."

चार दिवस सलाईन लागलं. घरी आल्यावर धाकटीने गोळ्यांची डबी आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. पावडर गेली कचऱ्यात. रक्त ताळ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक गोळी पुन्हा सुरू केली. रोज दुपारी जेवताना थोरलीने हात पुढे करायचा आणि जन्माच्या वैरिणीने त्यावर एक गोळी टाकायची. याहून विष परवडलं असतं.

पुढे मनगटही भरून आलं आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. थोरली टेबलाशी उभी राहिली. धाकटीने कात्री समोर आपटली. "आधी बाह्या कापून दाखवा."

थोरलीने कापल्या. एक डावी, एक उजवी. धाकटीने दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या.

"माया फार सोडलीत."

"कापड माझं, माया माझी. तू मशीनवर बस. आणि आधी माझी गोळी आण, जेवायची वेळ झाली."

"एकच मिळेल."

"एकच मागतेय," थोरली म्हणाली आणि कात्री कुशीत घेतल्यासारखी जवळ ओढून घेतली.