नेट सुरू, दवाखाना बंद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी हे अगदी सरळ सांगणार आहे. चांगल्या मनानं केलेल्या कामाचा एवढा बोभाटा अख्ख्या चिखलीत दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

मी एका खाजगी दवाखान्यात चादरी सांभाळते. माझ्या चादरींच्या खोलीच्या कोपऱ्यात नेटचं लोखंडी कपाट आहे. त्यात चार चपटे डबे, एकावर एक. त्यांना स्विच म्हणतात. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यांच्यात येतात. चारही डबे मागून एकमेकांना जोडलेले, त्यामुळे ते एकच असल्यासारखे चालतात.

त्यातला तिसरा डबा तापायला लागला. हात लावला की भाकरीचा तवाच. तो चालू दवाखान्यात काढायचा होता. डॉक्टर मॅडमचं म्हणणं, ओपीडी एक मिनिटही थांबता कामा नये, दुसरबीड-अमडापूरहून माणसं सकाळची एस.टी. पकडून येतात. नेटचं काम आमचे इरफानभाऊ बघतात, गावातलेच. ते म्हणाले, थांबणार नाही.

मग माझ्या खोलीत येऊन हळूच म्हणाले, “काकू, मॅडमले जबान देऊन बसलो. एक मिनिट बंद पडलं तं हे काम अकोल्याच्या कंपनीले जाईन. तुमी फक्त टॉर्च धरा.”

मी धरला. ज्या खोलीत काम नसेल, तिची वायर ते आधी दुसऱ्या डब्यात हलवायचे. मग म्हणाले, आता वायरींवर नंबर लिहितो, अर्धा तास टॉर्च नको. म्हणजे मला अर्धा तास मोकळा मिळाला. तो मिळायला नको होता.

तुम्हीच सांगा, लाईट जाणार असा मेसेज आला की आपण काय करतो? टाकी भरतो, मिक्सर फिरवून घेतो, मोबाईल चार्जिंगला लावतो. इथं तर इरफानभाऊंच्या पोटाचा प्रश्न. मी काउंटरवर वैशालीकडे गेले आणि म्हटलं, “नेट जाणार नाही. पण गेलंच तं? हातचं काम आटपून ठेव.”

“किती वेळ जाईन?”

“अर्धा तास धर.”

अर्धा तास का म्हटलं? तिनं विचारलं, तर काहीतरी सांगायला हवं होतं.

मी परत टॉर्च धरायला आले. पुढचं मला नंतर कळलं. वैशालीनं नवीन केसपेपर काढणं थांबवलं आणि लॅबला सांगितलं, तासभर नेट नाही. लॅबवाल्यांनी रक्त घेणं थांबवलं आणि मेडिकलला सांगितलं, दुपारपर्यंत नाही. मेडिकलवाला पेशंटना म्हणाला, गोळ्या आत्ता घ्या, मग मिळणार नाहीत. तिथं रांग लागली. रांगेत कुणीतरी म्हणालं, लाईटच जाणार आहे. ते ऐकून स्वयंपाकघरातल्या मावशींनी होते नव्हते तेवढे ड्रम भरले. वरची टाकी रिकामी झाली. नळाचं पाणी गेल्यावर मात्र सगळ्यांची खात्री पटली.

इकडे आम्ही दोघं श्वास रोखून. इरफानभाऊंनी तिसऱ्या डब्याची वीज काढली. उरलेल्या तिघांचे हिरवे दिवे तसेच. मग दुसरा डबा चौथ्याला जोडला आणि तिसरा अलगद बाहेर ओढला. नर्स बाळ दाखवायला आणते, तसा तो दोन्ही हातांत घेऊन ते बाहेर गेले. मागे मी.

बाहेर बाकं रिकामी. पेशंट अंगणात लिंबाखाली जेवणाचे डबे सोडून बसले होते. दुसरबीडची एक जीप तर भरून निघूनही गेली होती. मॅडम दारात उभ्या.

“इरफान, किती वेळ बंद होतं?”

“एक सेकंद बी नाही, मॅडम.”

“मग पाऊण तासात माझ्यासमोर एकही पेशंट आला नाही, ते काऊन?” आणि वैशालीला म्हणाल्या, अकोल्याचा नंबर शोध.

इरफानभाऊ हातातल्या डब्याकडे बघत उभे राहिले. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, पण पोरगी गुणाची, तोंड उघडलं नाही. मग मलाच उघडावं लागलं.

“मॅडम, त्यांचं खरं आहे. नेट गेलंच नाही. दवाखाना मी बंद केला.”

सगळं सांगितलं, अगदी अर्ध्या तासासकट. मॅडम रिकाम्या बाकावर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. तेवढ्यात मागून मावशींनी विचारलं, “मंग लाईट केव्हा जाते?”

लिंबाखालच्या पेशंटना हात जोडून एकेकाला आत आणायचं काम मला मिळालं. ओपीडी संपायला चार वाजले. अकोल्याला फोन मात्र गेला नाही.

परवा इरफानभाऊ मॅडमना म्हणाले, चौथा डबाही जुना झाला, काढावा लागेल. मॅडमनी विचारलं, दवाखाना थांबेल का? ते म्हणाले, नाही, फक्त काकूंचं बघा.

मॅडमनी जागेवरच लिहून दिलं. सतरा वर्षांत न मागता मिळालेली माझी ही पहिली सुट्टी. भरपगारी आहे.