शेवटच्या नळाचं पाणी

"पडदा काय बी सांगंल साहेब. नळ सोडून बघू." एवढं बोलून तो पाना उचलायचा आणि माझ्या होकाराची वाट न बघता चालायला लागायचा.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कितीही समजावून सांगा, त्याला पटतच नाही. आटगावजवळच्या आमच्या गोदामात तो आग विझवण्याच्या पंपावर होता आणि मी सुरक्षा अधिकारी. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पाड्यावर त्याचं घर. सुट्टी मागायचा ती फक्त म्हशाच्या गुरांच्या जत्रेला.

जुना पंप सुरू झाला की पत्रे थरथरायचे. मग नवा आला. तो पाण्याच्या गरजेप्रमाणे वेग बदलतो. पाइपातला दाब उतरला की जोरात फिरतो, पुरेसा झाला की हळू. दाब मोजायला पाइपावर एक बोटभर यंत्र बसवलेलं, त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. मी जाम खूश होतो. त्याने पंपावर तळहात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"दाब उतरला ह्ये याला कोन सांगतं?"

"ते छोटं यंत्र."

"आनि त्येच खोटं बोललं तर?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"म्हशाला बैल घेताना आमी यापाऱ्याला इचारत नाय साहेब. तोंड उघडून दात बघतो."

म्हणून दर शनिवारी तो सगळ्यात लांबचा, पाड्याच्या भिंतीलगतचा नळ पूर्ण सोडायचा. फाटकाबाहेर हंडे घेऊन बायका उभ्याच असायच्या. पाइपाचं तोंड तो तिकडे धरायचा.

आता मला सांगा, तुम्हाला संशय आला नसता? चाचणी पडद्यावर होत असताना एवढं पाणी सोडायचं कशाला? सगळी हुशारी पाड्याला पाणी द्यायची, अशी माझी खात्रीच पटली. एका शनिवारी ट्रकच्या आडून मी फोटो काढले. एकात त्याचीच बायको हंडा भरत होती. 'टाकीचे पाणी चोरतो' असा अहवाल लिहिला आणि त्याला कामावरून काढलं.

जाताना त्याने पाना माझ्या हातात दिला. "पानी तसं बी गटारातच जानार हुतं साहेब. पन नळ बघत जा."

मी बघितला नाही. पडद्यावर सात, म्हणजे पुरेसा दाब, दिसला की सही ठोकायची, असं चाललं होतं.

मग एका दुपारी पॅकिंगमध्ये पुठ्ठ्यांच्या ढिगाने पेट घेतला. आत पन्नास-साठ बायका कामाला. आम्ही नळ सोडला तर पाणी पायाशीच पडलं. पडद्यावर मात्र सात. पावडरचे सिलिंडर मारून कशीबशी आग विझवली.

मेकॅनिकने त्या बोटभर यंत्राखालची छोटी चावी दाखवली. दोन महिन्यांपूर्वीच्या साफसफाईनंतर ती उघडायचीच राहिली होती. जुना दाब आत कोंडलेला, त्यामुळे सगळं ठीक आहे असं समजून पंप हळूच फिरत राहिला. मी काढून टाकलेल्या त्या माणसाने शनिवारी नळ सोडला असता तर त्याच आठवड्यात कळलं असतं. त्या दोन महिन्यांच्या प्रत्येक शनिवारवर माझी सही आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. त्याची बायको दारात आली.

"तो आहे का?"

"इटांच्या भट्टीवर गेला, भिवंडीकडं. कशाला पायजे? आनिक काय चोरीला गेलं?"

"नाही हो. त्याचं बरोबर होतं. चूक माझी होती."

"तोंडी नको. चोर म्हनून लिवलंत ना तुमी? मंग चोर नव्हता असं बी लिवा."

मी खिशातलं पेन काढलं आणि दाराच्या चौकटीवर कागद टेकवून लिहिलं. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, खाली माझी सही केली.

तिने कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि माझ्यादेखतच शेजारच्या जावेला हाक मारली.

"हिकडं ये गो. वाच जरा. तसंच लिवलंय का बघ."