सत्तावन्न नंबरचं गाडगं

हैदराबादेहून एक साहेब पांढरीचं टेकाड खोदायला आले, तेव्हा मी अंबडच्या कचेरीत नकला करायच्या कामावर होतो. उर्दू अक्षर बरं होतं म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं. टेकाड अंबडपासून तीन कोसांवर होतं. तिथं कधीकाळी गाव होतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ते किती जुनं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

एक हिवाळाभर खोदकाम चाललं. खापरं निघाली, मणी निघाले, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. प्रत्येक वस्तूबरोबर मी चिठ्ठी ठेवायचो: नंबर, कुठला खड्डा, किती खोल. ऊन तापायला लागलं तसं साहेबांनी सगळं पेट्यांत भरून कचेरीमागच्या एका खोलीत लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

"पुढच्या हिवाळ्यात येतो," ते म्हणाले. "तोवर हे तुमच्या हवाली. चिठ्ठी गेली की खापर नुसतं खापर राहतं, एवढं ध्यानात ठेवा."

पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. त्यांची बदली झाल्याचं पत्र आलं, त्यात माझ्याविषयी एकच ओळ होती: हुकूम येईपर्यंत सामान सांभाळावं. मी सांभाळत राहिलो. कडुनिंबाचा पाला वाळवून पेट्यांत घालायचो, मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचो, पावसाळा सरला की एकेक पेटी उघडून वारा द्यायचो. कचेरीतली माणसं मला खापरवाला म्हणायची आणि त्या खोलीकडे फिरकायची नाहीत. माझी बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधी कधी पेटीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचो, आवाज बसला नाही ना ते बघायला.

अशात एका बाजारच्या दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली. टेकाडावर पाट्या वाहायला यायची, धनगराची, पन्नाशीकडं झुकलेली. मी ओळखलं. खोदकामात एका जुन्या घराच्या जमिनीखाली एक गाडगं निघालं होतं आणि त्यात तान्ह्या लेकराची हाडं होती. त्या दिवशी बाकीच्या बायांनी पाट्या खाली ठेवल्या आणि घरी गेल्या. ही एकटी गाडगं बांधून होईस्तोवर उभी होती.

"ते लेकराचं गाडगं हितंच हाय का?" तिनं विचारलं.

"आहे मावशी."

"बघू द्याल का?"

बाहेरच्या कुणाला आत घ्यायची परवानगी नव्हती. मी पेटी काढली, पेंढा बाजूला केला. तिनं हात लावला नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून थोडा वेळ बघितलं, "बराबर ठिवलंय" म्हणाली आणि बाजाराला गेली.

मग ती दोनचार बाजारांनी एकदा यायला लागली. येताना फडक्यात भाकरी आणि ठेचा आणायची. मी खायचो, ती उंबऱ्याशी बसायची. एकदा म्हणाली, "माझीबी दोन बारकीच गेली. बारक्याला जाळत न्हाईत आमच्यात, पुरत्यात. पर घरात न्हाई पुरत. त्या लेकराच्या आईला लांब ठिवू वाटलं नसंल." तिनं माझ्या घरचं काही विचारलं नाही. पण ती गेल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटायची आणि मी पुढचा बाजार कधी ते मोजायचो.

त्या साली पाऊस लांबला. एके सकाळी खालच्या फळीमागं भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसली. पेट्या ओढून काढल्या. अकरा पेट्यांतल्या चिठ्ठ्यांचा भुगा झाला होता. बहुतेकांची नोंद रजिस्टरात होती, पण शेवटच्या पंधरवड्याची वही साहेब बरोबर घेऊन गेले होते. गाडगं त्याच पंधरवड्यातलं; त्याच्यावर शाईनं सत्तावन्न लिहिलेलं होतं, तेवढंच उरलं. हैदराबादेला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. अंदाजानं चिठ्ठ्या भरून टाकाव्यात असं मनात आलं. तपासायला कोण येणार होतं?

ती आल्यावर मी तिला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बाभळीकडचा तिसरा खड्डा. चुलीच्या बाजूला व्हतं. मी आत उतरले तवा वरची कड माझ्या छातीला लागत व्हती."

मी तिला भिंतीशी उभं केलं आणि फीत धरली. चार फुटांना थोडं कमी भरलं. नव्या चिठ्ठीवर ते लिहिलं आणि खाली लिहिलं: खोदकामावरच्या मजूर बाईच्या सांगण्यावरून. बाकीच्या वस्तूही तिला एकेक दाखवल्या. काही तिला आठवल्या. काहींना ती म्हणाली, "हे मला ठाव न्हाई. उगं कशाला सांगू?" त्यांच्यावर मी 'ठिकाण माहीत नाही' असं लिहिलं.

वर्षभरानं हुकूम आला: सगळं सामान हैदराबादेला धाडा. आठ दिवस मी पेट्या बांधत होतो. तिच्या गावाला निरोप धाडता आला असता. मी धाडला नाही. ती आली असती, काही म्हणाली असती, आणि पेट्या तर धाडायच्याच होत्या. दोन बैलगाड्या भरून जालन्याच्या स्टेशनावर नेल्या, पेट्या डब्यात चढवल्या आणि रिकाम्या गाडीत बसून परत आलो.

पुढच्या बाजारी ती आली. दार उघडंच होतं. आत बघून म्हणाली, "कुठं नेलं?"

"हैदराबादेला. मोठं म्युझियम आहे तिथं."

"तिथं बघायला माणूस हाय का कुणी?"

"आहे," मी म्हणालो. आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली. भाकरीचं फडकं उंबऱ्यावर ठेवून गेली. मी ती भाकरी दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्ली नाही.

हैदराबादेहून माल पोचल्याची पावती आली. सत्तावन्न नंबर कुठं ठेवला असं मी विचारलं, त्याचं उत्तर कधी आलं नाही. ती खोली पुढं सरकारनं लेव्हीत गोळा केलेल्या ज्वारीला दिली आणि मी परत नकलांवर बसलो. ती बाजाराला दिसेना, म्हणून मी एका सुट्टीला चालत तिच्या गावी गेलो. घराला कुलूप होतं. शेजारचा म्हातारा दोरी वळत बसला होता.

"मेंढरं घिऊन गंगंकडं, गोदंच्या काठाला गेलीत समदी," तो म्हणाला. "पाऊस पडल्यावर येतीन. काय सांगू?"

"काही नाही. कचेरीतला माणूस आल्ता, एवढंच सांगा."

त्यानं मला पाणी दिलं. पाऊस पडायच्या आत माझी बदली जालन्याला झाली, आणि निरोप तिला पोचला की नाही ते मला कधी कळलं नाही.