उशीचा खुराक

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिने अख्खी नोकरी तागडीसमोर काढली. कोणत्या रुग्णाला किती भात, कोणाच्या सूपमध्ये मीठ नाही, कोणाला बटाटा दाखवायचासुद्धा नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. रुग्ण कुरकुरायचे, नातेवाईक गयावया करायचे. ती म्हणायची, "घरी गेल्यावर हवं ते खा. माझ्या हातून काही व्हायला नको." तिथेच कोणीतरी तिला तागडीमावशी म्हटलं आणि निवृत्तीच्या दिवशी ते नाव तिच्यासोबतच दाराबाहेर पडलं.

घरात ती आणि सासरे, दोघंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरे जुने शिंपी. आता शिवत नसत, पण मोजपट्टी गळ्यात नसेल तर त्यांना उघडं वाटायचं. त्यांना साखरेचा त्रास होता. म्हणजे दवाखाना सुटला तरी मावशीचा एक रुग्ण घरी शिल्लक होताच.

निवृत्तीनंतर घरात बसून अंगाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तिला गल्लीच्या टोकाच्या तबेल्यात काम मिळालं. तिथे अगदी बुटके घोडे होते. जेवणाच्या टेबलाखालून जातील एवढ्या उंचीचे, पण डौल मोठ्या घोड्याचा. मालकीण त्यांना वृद्धाश्रमांत आणि मुलांच्या वॉर्डांत घेऊन जायची. मावशीच्या दवाखान्यातही त्यातला एक लिफ्टने वर आला होता आणि तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांसमोर, निवांत लघवी करून गेला होता.

"मला हात आखडणारी बाई हवी आहे," मालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली. "ह्यांना लोक लाडाने मारतात."

ते खरं होतं. एवढासा घोडा दिसला की ज्याच्या त्याच्या खिशातून बिस्किट बाहेर येतं. आणि ही जात अशी की नुसत्या गवताच्या वासाने अंग धरते. अंग सुटलं की आजार खुरात उतरतो, खूर आतून सुजतो, गरम होतो आणि जनावराला उभं राहणं नकोसं होतं.

"म्हणजे साखरेचे रुग्णच की," मावशी म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

सकाळी ती ताणकाट्याला जाळी अडकवून प्रत्येकाचं वाळलेलं गवत तोलायची. मग एकेका खुरावर तळवा टेकवायची, आईने तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. खूर थंड लागला की पुढच्या घोड्याकडे. खरारा करायचा, पाणी भरायचं, आणि दुपारी कुरणात सोडताना सगळ्यांना मुसकी बांधायची, म्हणजे त्यांच्या भोकांतून गवताची चारदोन पातीच तोंडात जातील. मुसकं बघून घोडे तोंड फिरवायचे. "रुसा," ती म्हणायची, "रुसून कोणी मेलेलं नाही."

सासरे दुपारी तिथे येऊन पालथ्या बादलीवर बसायचे. मावशी त्या वेळी मागच्या खोलीत गवत रचायची, मग घटकाभर पाठ टेकायची. "तुम्ही जरा लक्ष ठेवा," ती सांगायची. ते मान डोलवायचे. मान डोलवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

थंडीच्या सुरुवातीला उशी आली. कुठल्याशा म्हाताऱ्याने आपला तबेला मोडला, त्याची ही मालकिणीने आणलेली घोडी. साईच्या रंगाची, गोल, हात ठेवला की रुतेल अशी. नाव तिथल्या तिथेच पडलं. गुरांच्या डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, त्यांना त्या सापडेनात. "खुराक बांधा," ते म्हणाले. "पण सावकाश. आणि काही बदल करायचा तर मला विचारून."

मावशीने खुराक बांधला. दर आठवड्याला सासऱ्यांची मोजपट्टी मागून घेऊन ती उशीचं पोट मोजायची. पोट हटेना. थोडं गवत कमी केलं, तरी हटेना. उलट बोटभर वाढलंच. डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण दवाखान्यात तिने इतकी पोटं उतरवली होती, एका घोडीच्या पोटासाठी फोन करायचा? तिने आणखी एक मूठ कमी केली. मग आणखी एक.

"फार हट्टी बाई आहे ही," ती रात्री जेवताना म्हणायची.

"कोण?" सासरे विचारायचे.

"उशी. अजून कोण?"

"मला वाटलं, तू आरशात बघून आलीस."

उन्हाळा लागला. एका सकाळी खरारा करताना तिचा हात उशीच्या पोटाखालून मागे गेला आणि थबकला. जिथे सैल कातडी असायची तिथे काहीतरी गरम आणि तट्ट लागत होतं. ती वाकली. कास भरली होती. मावशी खाली गवतातच बसली. उशीने मान वळवून तिच्या खांद्याचा वास घेतला आणि पुन्हा रिकामी जाळी हुंगायला लागली.

डॉक्टर आले. त्यांनी उशीच्या कुशीला तळवा लावला, मावशीचाही हात ओढून तिथे ठेवला. आतून एक लहानशी, चिडकी लाथ आली.

"गाभण आहे, मावशी. दिवस भरत आलेत." ते कपाळ चोळत म्हणाले, "आली तेव्हा मीही चरबीच बघितली. चूक माझीही. बरं, खुराक काय चालू आहे?"

तिने सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला.

"एवढ्यावर?" त्यांनी विचारलं. "मोठी घोडी कदाचित निभावून नेईल. ह्यांचं तसं नसतं. गाभण असताना पोटाला कमी पडलं की अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते. मग घोडीही जाते आणि पोटातलंही." मग तिचा चेहरा बघून ते सावरले. "आधी रक्त तपासू. उद्या दुपारी कळेल. तोवर अंदाजाने काही करू नका."

अंदाजाने! जन्मात तिने काही अंदाजाने केलं नव्हतं. तोलूनमापून, एकेक मूठ मोजून तिने हे केलं होतं.

संध्याकाळी तिने सासऱ्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट वाढून समोर घेऊन नुसती बसली. झाला प्रकार तिने त्यांना आल्या आल्या सांगितला होता. ऐकून ते शिलाई मशीनवरचं फडकं उगीच झटकत राहिले होते.

"जेव ना," ते आता म्हणाले.

"तुम्ही जेवा, बाबा. मला नको."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"तिने किती दिवस खाल्लं नाही?" मावशी म्हणाली. "माझ्यासमोर उभी राहून मागत होती. मी म्हणत होते, हट्टी आहे."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तू जेव," ते म्हणाले. "घोडी उपाशी नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे खात होती. चांगली पोटभर खात होती."

"कोण देत होतं?"

"आता ह्या घरात माणसं दोनच," सासरे म्हणाले. "त्यातली एक तू."

मावशीतली दवाखान्यातली बाई जागी झाली. "काय घातलंत? खरं सांगा. बिस्किटं?"

"छे छे. बिस्किटं मी खायचो."

ते बोलून गेल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. पण आता सुटलेला टाका मागे घेता येणार नव्हता.

"तिला लसूणघास," ते घाईने पुढे म्हणाले. "रोज एक पेंडी, चारावाल्याकडून ताजी. आणि ओट भिजवून मूठभर. बरं, दोन मुठी. शिवाय मी बसलेलो असताना तिचं मुसकं काढून ठेवायचो. तू उठायच्या आत परत बांधायचो. गाठ तुझ्यासारखीच मारायचो, शिंपी आहे मी."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तू दिवसभर तिथेच असतेस. रविवारी तिचा उपास व्हायचा. माझाही."

"अहो, पण का?"

सासरे थोडा वेळ ताटातल्या उकडलेल्या भाजीकडे बघत राहिले. "जाळीतलं संपलं की ती रिकाम्या जाळीकडे बघायची," ते म्हणाले. "मग माझ्याकडे. ते बघणं माझ्या ओळखीचं आहे गं. मी रोज इथे तसाच बसतो."

"तिचं पोट उतरत नाही म्हणून मी कमी करत गेले, बाबा!"

"आणि तू कमी करत गेलीस म्हणून मी वाढवत गेलो!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आधी सासऱ्यांच्या मिशीचं टोक हललं. मावशीने पदर तोंडाला लावला, पण हसू पदराला दाद देईना. हसता हसता तिने डोळे पुसले, ताट पुढे ओढलं आणि गार झालेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

"एक मात्र खरं," सासरे म्हणाले. "जन्मभर बायकांची मापं घेतली. कुठलं पोट जेवणाने वाढलं आणि कुठलं दुसऱ्या कारणाने, ते मी कापड अंगाला लावायच्या आधी सांगायचो. आणि ही बया रोज माझ्या पुढ्यात उभी, तरी मला कळू नये!"

तरीही दुसऱ्या दुपारपर्यंत मावशीच्या जिवात जीव नव्हता. लसूणघासाच्या एका पेंडीवर कितीसा भरवसा ठेवायचा? फोन वाजला तेव्हा तिच्या हातातला खरारा बादलीत पडला.

"रक्त स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "मला पटेना म्हणून पुन्हा तपासायला लावलं. पण मावशी, तुम्ही सांगितलेल्या खुराकावर हे शक्य नाही."

"नव्हतंच ते माझ्या खुराकावर. आमच्याकडे चोर आहे, डॉक्टर."

सगळं ऐकून डॉक्टर इतके हसले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "त्या चोराला सोडू नका," ते म्हणाले. "आणि यापुढे दोघांनीही मला विचारा."

मग डॉक्टरांनी नवा खुराक ठरवून दिला. मावशी तोलायची, सासरे भरवायचे. आता ते राजरोस पुढच्या दाराने यायचे, पेंडी काखेत मारून. "चोरून घालण्यात जास्त मजा होती," ते कुरकुरायचे. उशीला तसा काही फरक वाटत नव्हता.

बुटक्या घोडीचं बाळंतपण अवघड. शिंगराचं डोकं मोठं आणि वाट अरुंद. म्हणून सडांवर मेणासारखे थेंब दिसले त्या दिवसापासून मावशीने तिथेच खाट टाकली. घोड्या बहुतेक अंधारात, कोणी नाही असं बघून वितात. उशीने सकाळचं गवत संपवलं, सासऱ्यांच्या हातचा घास खाल्ला आणि लख्ख उजेडात, सगळ्यांसमोर, आडवी झाली.

"अगं ए! पाय! पाय दिसतायत!" सासऱ्यांची हाक ऐकून मावशी नळ तसाच सोडून धावली. मालकिणीने डॉक्टरांना फोन लावला, पण उशीला डॉक्टरांसाठी थांबायचं नव्हतं. पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेलं नाक, जसं यायला हवं तसंच. एक मोठी कळ आली आणि शिंगरू गवतावर घसरलं. मावशीने त्याच्या नाकावरचा पडदा बोटांनी फाडला. ते शिंकलं.

डॉक्टर पोचले तेव्हा शिंगरू उभं राहण्याच्या खटपटीत होतं. चारही पाय चार दिशांना जात होते. पडलं, उठलं, पुन्हा पडलं. मग उभं राहिलं आणि दूध शोधत निघालं. भिंतीशी गेलं, बादलीशी गेलं, सासऱ्यांच्या गुडघ्याला लुचायला लागलं.

"अरे, इथे काही नाही, बाबा," सासरे अवघडून म्हणाले. "तिकडे जा, तुझ्या आईकडे."

मावशीने त्याला मागून हलकेच ढकललं. थोड्या वेळाने कासेखालून चुटूक चुटूक आवाज यायला लागला. मागे उघडा राहिलेला नळ वाहत होता. तो बंद करायला मालकीण गेली, तीही चवड्यांवर.

वार पूर्ण पडली. डॉक्टरांनी घोडी तपासली, शिंगरू तपासलं, म्हणाले, "ह्याचं वजन करून घेऊ." मावशीने घरून माणसांचा वजनकाटा मागवला होताच. ती शिंगराला छातीशी धरून काट्यावर चढली, पण त्या ओल्या, लांबड्या पायांच्या गुंताड्यातून तिला आकडा दिसेना.

"बाबा, बघा ना किती ते!"

सासरे वाकले. "भरपूर," ते म्हणाले.

"भरपूर म्हणजे किती?"

"भरपूर म्हणजे भरपूर."

डॉक्टरांनी आकडा स्वतः बघून लिहून घेतला. मावशी मात्र काट्यावरून उतरायची विसरली. तिच्या हाताखाली शिंगराचं काळीज घाईघाईने धडधडत होतं.

नाव सासऱ्यांनी ठेवलं: पासंग. तागडीची एक बाजू हलकी असली की तिच्यात खडा घालतात, तो. "तुझ्या तागडीला हवाच होता एक," ते म्हणाले. मावशीने नाक मुरडलं, पण संध्याकाळी निघताना शिंगराला हाक त्याच नावाने मारली.

घरी येऊन तिने चहा टाकला. सासरे मशीनपाशी बसले होते.

"आज तरी एक चमचा साखर घाल," ते म्हणाले.

"घोडीची गोष्ट वेगळी होती, बाबा. ती गाभण होती."

सासऱ्यांना ठसका लागला. तो ओसरेपर्यंत थांबून ती म्हणाली, "आणि बिस्किटं कुठे ठेवलीत तेही दाखवा."

त्यांनी मुकाट्याने मशीनचा खण ओढला. रिळांच्या मागून एक पत्र्याचा डबा निघाला. मावशीने तो उघडला, एक बिस्किट काढलं, बाकीचा डबा आपल्या कपाटात ठेवला. मग ते बिस्किट मोडून अर्धं त्यांच्या बशीत ठेवलं आणि अर्धं स्वतः घेऊन बसली.

त्यांच्या बशीतलं अर्धं जरा मोठं होतं. शिंप्याच्या नजरेला ते तेव्हाच कळलं. त्यांनी ते चहात बुडवलं.