गंधारचं इंजिन

देवळाली प्रवराचा बिभीषण मिस्त्री ट्रॅक्टरचं इंजिन डोळे झाकून खोलायचा. पण सुनीतीबाईंच्या ओसरीवर ते अमेरिकेचं खोकं उघडलं आणि गड्यानं आधी हात पुसले. पिस्टन असे चकचकीत, की काळ्या हातांनी शिवायची लाज वाटावी!

खोकं मागवलं होतं बाईंच्या एकुलत्या एक गंधारनं. जुन्या बीटल गाडीला दुप्पट ताकदीचं इंजिन स्वतः बांधून बसवायचं, हे त्याचं वेड. मेंदूत गाठ निघाली आणि दीड महिन्यात पोर गेलं. खोकं आलं तेव्हा त्याचं तेरावंही उरकलं होतं.

"बिभीषण, तू बांध," बाई म्हणाल्या. चौथीत त्यांनीच त्याला शिकवलेलं. "एकदा त्याचं इंजिन चालू झालेलं ऐकू दे मला. बाकी काही नको."

आता यावर नाही कोण म्हणणार? चार महिने खपला बिचारा. गाडीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. वरचा पंखा वारा ओढून त्याला गार ठेवतो, त्यावरच सगळा जीव. बिभीषणनं एकेक नट मापानं आवळला, पिस्टनच्या रिंगा तीन-तीनदा तपासल्या.

गंधारच्या वाढदिवसाला गाडी निघाली. बाईंनी नव्या गाडीसारखी पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. हार मात्र पुढं न घालता मागचं झाकण उघडून थेट इंजिनावर, पंख्याच्या डब्यावर घातला. पंखा हार आत ओढणार, हे बिभीषणच्या लगेच ध्यानात आलं. पण आईनं लेकासाठी घातलेला हार काढा म्हणायला जीभ रेटेना. गावाबाहेर गेल्यावर काढू, असं मनाशी म्हणत त्यानंच झाकण लावलं.

आणि इंजिन असं गरजलं म्हणता! पुणतांब्याच्या रस्त्यावर बाई खळखळून हसल्या, गंधार गेल्यापासून पहिल्यांदाच. "आणखी पळव रे!" बिभीषणला हाराचं भानच राहिलं नाही. पंधराएक किलोमीटरवर जळका वास आला, धाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली.

त्यानं धावत जाऊन झाकण उघडलं. पंख्यानं हार आत ओढला होता. झेंडूच्या पाकळ्यांनी वाऱ्याची वाट बुजून इंजिन तापलं होतं, आणि पिस्टनचा तुटलेला रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला होता. बाई उतरायच्या आत त्यानं दिसतील तेवढ्या पाकळ्या मुठीत धरून खिशात कोंबल्या. बोटं भाजली.

"काय झालं रे?"

"माजं चुकलं, बाई. रिंगा बसवताना चुकलो. आता न्हाई चालायचं हे."

बाईंनी फुटलेल्या इंजिनाकडं पाहिलं.

"जमत नव्हतं तर आधी सांगायचं होतंस, बिभीषण. माझं पोर दुसऱ्यांदा मारलंस."

"व्हय, बाई," तो म्हणाला.